ऐकलं एक, लिहिलं होतं दुसरंच

 

आज आपण चुकीचं ऐकण्याबद्दल बोलणार आहोत. कानाच्या आजाराबद्दल नाही हं. कान चांगले ठणठणीत असतात, समोरचा माणूसही स्पष्ट बोलत असतो, पण शब्द इंग्रजी असतो आणि आपण ऐकतो भलतंच. बँकेत, तहसील कचेरीत, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत आपल्याला असे शब्द रोज भेटतात. एखादा सुटा शब्द असेल तर आपण विचारून घेतो. खरी पंचाईत होते ती जोडशब्दांची. दोन-तीन इंग्रजी शब्द एकत्र येतात, एका दमात म्हटले जातात, आणि त्यांचा अर्थ सुट्या शब्दांच्या अर्थाहून वेगळा असतो. आपल्याकडे ‘हातावर तुरी देणे’ म्हटलं तर कुणी तूर शोधत नाही. तसंच त्यांचंही असतं.

माणसाचा कान मोठा हुशार असतो, बरं का. अनोळखी आवाज आला की तो गप्प बसत नाही. त्या आवाजाशी जुळणारा ओळखीचा शब्द शोधतो आणि तिथे बसवून टाकतो. आपल्याला वाटतं, आपण ऐकलं. खरं तर अर्धं आपण ऐकलेलं असतं आणि अर्धं कानाने पदरचं घातलेलं असतं.

इंग्रजांचंही असंच होतं

पहिली गोष्ट, यात लाजण्यासारखं काही नाही. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे, त्यांचंही असंच होतं. त्यांच्या चार म्हणी बघूया. शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी या वहीत लिहून घ्याव्यात, उपयोगी पडतील.

पहिली आहे ‘निप इट इन द बड’. बड म्हणजे कळी, निप म्हणजे खुडणे. एखादी वाईट गोष्ट वाढण्याआधी, कळी असतानाच खुडून टाकायची. शेवंतीच्या किंवा मिरचीच्या रोपाचा शेंडा खुडलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको. पण कितीतरी इंग्रजी बोलणारी माणसं ते ‘बड’ऐवजी ‘बट’ असं ऐकतात आणि तसंच लिहितात. त्या ‘बट’चा अर्थ होतो ढुंगण! कळीची म्हण कुठल्या कुठे गेली बघा.

दुसरी आहे ‘डॉग-ईट-डॉग’. कुत्रं कुत्र्याला खातं, अशी जीवघेणी स्पर्धा. धंद्यात कुणी कुणाला सोडत नाही, असं सांगायचं असलं की हे म्हणतात. भरभर म्हटलं की ते ‘डॉगी-डॉग’ असं ऐकू येतं, आणि काही जण तसंच लिहितात. डॉगी म्हणजे लाडाचं कुत्र्याचं पिल्लू. कुठे ती जीवघेणी स्पर्धा आणि कुठे हे शेपटी हलवणारं पिल्लू! एक आवाज इकडचा तिकडे झाला आणि अर्थ पार उलटा झाला.

तिसरी आहे ‘टो द लाइन’. यातला टो म्हणजे पायाचं बोट. शाळेच्या शर्यतीत मुलं फक्कीच्या रेषेला पायाची बोटं लावून उभी राहतात, तसं ठरलेल्या रेषेत राहायचं, सांगितलेलं ऐकायचं. पण इंग्रजीत अगदी याच आवाजाचा दुसरा ‘टो’ आहे, त्याचा अर्थ ओढून नेणे. बंद पडलेली गाडी टो करून नेतात ना, तोच. त्यामुळे बरेच जण ही म्हण लिहिताना ओढण्याचा टो लिहितात. आवाज एकच, लिहिण्यात फरक. इथे कान फसत नाही, फसतो तो आवाजामागचा अर्थ.

चौथी जरा लांबलचक आहे. ‘फॉर ऑल इन्टेन्ट्स अँड पर्पजेस’. इन्टेन्ट म्हणजे हेतू, पर्पज म्हणजे उद्देश. सगळ्या दृष्टींनी पाहिलं तरी, असा त्याचा अर्थ. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाच्या काळातल्या, म्हणजे सोळाव्या शतकातल्या कायद्याच्या भाषेतून ही शब्दजोडी आली. आता लोक ती ‘फॉर ऑल इन्टेन्सिव्ह पर्पजेस’ अशी ऐकतात. इन्टेन्सिव्ह म्हणजे तीव्र. दवाखान्यातल्या अतिदक्षता विभागाला आयसीयू म्हणतात ना, त्यातला ‘आय’ हाच. ‘सगळ्या तीव्र उद्देशांसाठी’ याला काही अर्थ नाही, पण कानाला तो शब्द ओळखीचा वाटतो.

अशा चुकीला इंग्रजीत एक गमतीचं नाव आहे. तिकडे ओक नावाचं झाड असतं. त्याच्या फळाला एकॉर्न म्हणतात. एक बाई ते ‘एग-कॉर्न’ असं समजत होती. एग म्हणजे अंडं, कॉर्न म्हणजे दाणा. फळही दिसतं अंड्यासारखंच, त्यामुळे तिच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. २००३ साली मार्क लिबरमन या अमेरिकेतल्या भाषा-अभ्यासकाने या शब्दाची चर्चा केली, आणि जेफ्री पुलम या त्यांच्या सहकाऱ्याने सुचवलं की अशा सगळ्या चुकांना ‘एगकॉर्न’च म्हणावं. तेव्हापासून तेच नाव पडलं. म्हणजे मोठ्या अभ्यासकांनीही त्या बाईला हसून सोडून दिलं नाही. तिच्या चुकीतही विचार होता, हे त्यांनी ओळखलं.

आपल्या देशात आलेल्या इंग्रज सैनिकांचं काय झालं तेही ऐका. मोहरमच्या मिरवणुकीत लोक ‘या हसन, या हुसेन’ असा आक्रोश करत. सैनिकांच्या कानाला ते ‘हॉब्सन-जॉब्सन’ असं ऐकू आलं. ही दोन्ही त्यांच्याकडची आडनावं! पुढे १८८६ साली हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजी बोलीचा मोठा शब्दकोश लंडनहून काढला, तेव्हा त्याचं नावच ‘हॉब्सन-जॉब्सन’ ठेवलं.

आपणही मागे नव्हतो. सैन्यात नवीन भरती झालेल्या ‘रिक्रूट’चा आपण रंगरूट केला, त्यात रंग कुठून आला कुणास ठाऊक! ‘लॉर्ड’चा लाटसाहेब केला. पोर्तुगीजांकडून पगार घेतला, लिलाव घेतला, बटाटा घेतला, आणि आज ते शब्द आपल्या आजीइतकेच आपले आहेत. भाषा अशीच एका कानातून दुसऱ्या कानात, थोडी बदलत जाते.

मग आज हा विषय कशाला? कारण पिल्लाच्या म्हणीत चूक झाली तर लोक हसतील आणि विसरतील. पण काही इंग्रजी शब्दजोड्यांच्या खाली आपली सही किंवा अंगठा असतो. तिथे आपण काय ऐकलं, याला काही किंमत नसते. कागदावर काय लिहिलं आहे, तेच धरलं जातं. अशा सहा शब्दजोड्या आम्ही निवडल्या आहेत.

‘वन अँड द सेम’

ही शब्दजोडी इंग्रज लोकही चुकीची ऐकतात. ‘वन इन द सेम’ असं म्हणतात. बरोबर आहे ‘वन अँड द सेम’, म्हणजे एकच आणि तीच. आपल्याकडे ही येते प्रतिज्ञापत्रात. आधारवर सासरचं नाव, दहावीच्या दाखल्यावर माहेरचं नाव, बँकेत तिसरंच काहीतरी. मग कुणीतरी सांगतं, ‘सेम पर्सनचं ॲफिडेव्हिट आणा.’ आपण ऐकतो ‘सेम’ आणि आपल्याला वाटतं, कुणाच्या तरी कागदासारखाच सेम कागद करून आणायचा आहे. मग शेजारणीच्या कागदाची नक्कल होते, आणि तो परत येतो.

त्या कागदाचं काम एवढंच असतं, की अमुक नाव आणि तमुक नाव ही दोन्ही एकाच बाईची आहेत असं शपथेवर सांगायचं. म्हणून त्यात तुमची जितकी नावं जितक्या कागदांवर आहेत, ती सगळी जशीच्या तशी आली पाहिजेत. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असेल तर तोही. जाताना सगळे कागद बरोबर न्या आणि लिहिणाऱ्याला एकेक नाव कागदावर बोट ठेवून दाखवा.

‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’

नवरा-बायकोचं किंवा आई-मुलाचं एकत्र खातं उघडताना हे विचारतात. घाईत ते ‘इंदर सर्व्हिस’ असं काहीतरी ऐकू येतं, आणि बँकेची कुठलीतरी सेवा असेल म्हणून आपण मान डोलावतो. ईदर म्हणजे दोघांपैकी कुणीही एक. सर्व्हायव्हर म्हणजे मागे राहिलेला, हयात असलेला. अशा खात्यातून दोघांपैकी कुणीही एकट्याच्या सहीने व्यवहार करू शकतं, आणि एक जण गेला तर दुसऱ्याला पैसे मिळतात. पासबुकावर ते ‘ई ऑर एस’ असं थोडक्यात लिहिलेलं असतं.

याच्यासारखीच ऐकू येणारी दुसरी जोडी आहे, ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’. इथे कान हमखास फसतो. आपण ऐकतो ‘फार्मर’, म्हणजे शेतकरी! आपण शेतकरी, म्हणजे हे खातं आपल्यासाठीच, असं वाटतं. पण फॉर्मर म्हणजे आधीचा, ज्याचं नाव पहिलं आहे तो. अशा खात्यात पहिल्या नावाचा माणूस हयात असेपर्यंत व्यवहार फक्त त्यानेच करायचा. दुसऱ्या नावाच्या व्यक्तीला तो गेल्यावरच हात लावता येतो. आता विचार करा. पहिलं नाव मालकांचं आहे, ते आजारी पडून दवाखान्यात आहेत, सही करण्याच्या स्थितीत नाहीत, आणि दवाखान्याचे पैसे भरायचे आहेत. खात्यावर तुमचंही नाव आहे, पण तुम्हाला पैसे काढता येत नाहीत. एका ‘फॉर्मर’मध्ये एवढं सगळं असतं.

आणखी एक. मुदत ठेव ‘ईदर ऑर सर्व्हायव्हर’ असली, तरी मुदतीच्या आधी मोडायची असेल तर बँका सहसा दोघांच्या सह्या मागतात. एक जण गेल्यावर दुसऱ्याला ती मुदतीआधी मोडता यावी असं वाटत असेल, तर तशी लेखी सूचना दोघांच्या सहीने आधीच देऊन ठेवावी लागते. ठेव ठेवतानाच हे विचारा. आणि लक्षात ठेवा, बँक पैसे हयात असलेल्याच्या हातात देते, याचा अर्थ बाकीच्या वारसांचा हक्क संपला असा होत नाही. ते दोन वेगळे प्रश्न आहेत.

‘जॉइंट अँड सेव्हरल’

बचत गटासाठी ही सगळ्यात महत्त्वाची शब्दजोडी. कर्जाच्या करारात ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ असं असतं. जॉइंट आपल्याला कळतं, एकत्र. सेव्हरल ऐकलं की आपण एक तर शाळेतला अर्थ लावतो, म्हणजे अनेक. नाहीतर ‘सेपरेट’ असं ऐकतो. मग अर्थ लावतो, की कर्ज मिळून घेतलं, फेड मात्र प्रत्येकीची सेपरेट. माझा हप्ता मी भरला, माझं काम संपलं.

करारात अर्थ याच्या उलटा आहे. सगळ्या मिळूनही जबाबदार, आणि प्रत्येक जण एकटीसुद्धा पूर्ण रकमेला जबाबदार. मराठी कागदात हेच ‘संयुक्तपणे व पृथकपणे’ असं लिहिलेलं असतं, आणि खरं सांगायचं तर ते मराठीही इंग्रजीइतकंच अवघड आहे.

हिशेब करून बघू. दहा जणींनी मिळून ५ लाखांचं कर्ज घेतलं, प्रत्येकीच्या वाट्याला ५० हजार आले. आठ जणींनी आपापले ५० हजार फेडले, दोघी थांबल्या. मूळ रकमेतले १ लाख राहिले. करारात ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ असेल तर कर्ज देणारा हे १ लाख त्या आठ जणींपैकी कुणाकडेही मागू शकतो. ‘माझा वाटा मी भरलाय’ हे उत्तर तिथे चालत नाही. मात्र कायदा दुसरी बाजूही बघतो. १८७२ सालच्या भारतीय करार कायद्याच्या ४३व्या कलमात असं आहे, की एकीने सगळ्यांच्या वतीने पैसे भरले, तर ती बाकीच्यांकडून त्यांचा वाटा मागू शकते. म्हणून भरल्याची पावती आणि गटाच्या ठरावाची नोंद जपून ठेवायची.

हे ऐकून घाबरू नका. गटाची ताकदच या शब्दात आहे. आपण एकमेकींना जामीन आहोत म्हणून तर बँक आपल्याला दारात उभं करते. पण कुणाला किती आणि कशासाठी कर्ज द्यायचं, हे बैठकीत ठरवताना हा अर्थ डोक्यात असला पाहिजे. ‘देऊन टाका तिला, तिचं ती बघेल’ असं मग कुणी म्हणणार नाही.

‘राइट ऑफ’ आणि ‘वेव्ह’

‘तुमचं खातं राइट ऑफ झालंय.’ हे ऐकलं की आपला कान ‘राइट’वर थांबतो. राइट म्हणजे बरोबर. खातं बरोबर झालं, मिटलं एकदाचं! किंवा कुणी सांगतं, राइट ऑफ म्हणजे कर्जमाफी. आपल्याकडे २००८ साली केंद्राची, आणि २०१७ व २०१९ साली राज्य सरकारची शेतकरी कर्जमाफी झालेली आहे. त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे.

पण हा ‘राइट’ बरोबरचा नाही, लिहिण्याचा आहे. बँकेने आपल्या हिशेबाच्या वहीतून ते कर्ज ‘येणे’ या रकान्यातून काढून टाकलं, एवढाच त्याचा अर्थ. रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे, की हिशेबापुरतं असं राइट ऑफ केल्याने कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क बँक सोडत नाही. दुकानदाराने वहीवर आडवी रेघ मारली, पण उधारी माफ केली असं म्हटलं नाही, तसंच हे. वसुली चालू राहते, आणि कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडे तुमच्या नावापुढे ‘राइट ऑफ’ असा शेरा दिसतो. पुढचं कर्ज तिथेच अडतं.

माफीला इंग्रजीत शब्द आहे ‘वेव्ह’ किंवा ‘वेव्हर’. आपल्याकडे सर्रास ‘वेव्ह ऑफ’ म्हणतात, पेपरातही तसंच छापून येतं. खरं तर माफ करणे यासाठी नुसतं ‘वेव्ह’ पुरतं. ‘वेव्ह ऑफ’ हा त्याच आवाजाचा दुसरा शब्द, त्याचा अर्थ हात हलवून झटकून टाकणे. इथे चूक झाली तरी नुकसान नाही. पण ‘राइट ऑफ’ला ‘वेव्ह’ समजलात तर नुकसान आहे. कुणी माफी झाली म्हणालं, तर एकच विचारा, ‘साहेब, माझ्याकडे आता काहीच येणं नाही, असं लिहून द्याल का?’ तो कागद म्हणजे ‘नो ड्यूज’ दाखला. तो मिळाला तरच कर्ज संपलं.

‘लीन’ की ‘लोन’?

‘खात्यावर लीन मार्क आहे’ असं बँकेतून सांगतात. आपण ऐकतो ‘लोन’. मग घरात भांडण सुरू, की आपल्या नावावर कुणी लोन काढलं? लीन म्हणजे खात्यातल्या रकमेवर लावलेली अडक. पैसे तुमचेच, खात्यातच, पण तेवढे काढता येत नाहीत. कशामुळे लावली आणि किती रकमेवर, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

गटाने इथे एक नियम पाठ करून ठेवावा. आपण ज्याला ‘उमेद’ म्हणतो त्या राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटांसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत, की १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, गटाच्या बचत खात्यावर लीन लावू नये आणि कर्ज मंजूर करताना ठेव ठेवण्याचा आग्रह धरू नये. कुणी ‘आधी एवढी ठेव ठेवा’ म्हणालं, तर बँक सखीला किंवा ग्रामसंघाला लगेच कळवा आणि नियम दाखवून बोला.

‘केएफएस’ आणि ‘केवायसी’

ही शेवटची जोडी. केवायसी आता आपल्या तोंडवळणी पडली आहे. आधार द्या, फोटो द्या, सही करा, झालं. त्यामुळे ‘केएफएसवर सही करा’ म्हटलं, की कान केवायसीच ऐकतो आणि हात सही करतो.

केएफएस म्हणजे ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’. यातली ‘की’ म्हणजे कुलपाची चावी नाही, तर मुख्य. कर्जाच्या मुख्य गोष्टींचा एक तक्ता. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या नव्या वैयक्तिक आणि लहान उद्योगांच्या मुदत कर्जांना तो देणं बंधनकारक आहे. तोही तुम्हाला समजणाऱ्या भाषेत, आणि समजावून सांगून. त्यात हप्ते किती, शुल्क किती आणि सगळं धरून वर्षाला खरा दर किती पडतो, ते असतं. त्या दराला एपीआर म्हणतात. ‘फक्त एवढा टक्का’ असं तोंडी सांगितलेलं असतं, त्याच्याशी हा आकडा ताडून बघा. आणि या तक्त्यात नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. म्हणजे केवायसीत बँक तुम्हाला ओळखते आणि केएफएसमध्ये तुम्ही कर्जाला ओळखता. सूक्ष्म वित्त कंपन्यांच्या कर्जातही समजणाऱ्या भाषेत माहितीपत्रक आणि कर्ज कार्ड देण्याचा नियम आहे. मराठीत मागायला संकोच करू नका. ती मेहेरबानी नाही, नियम आहे.

मग करायचं काय?

इंग्रजी शिकून मगच बँकेत जायचं, असं आम्ही म्हणत नाही. तीन सवयी लावून घेतल्या तरी पुष्कळ झालं.

पहिली सवय, अर्थ उलट बोलून दाखवायचा. शब्द परत म्हणायचा नाही, अर्थ म्हणायचा. ‘साहेब, म्हणजे हे असल्यावर यांच्याशिवाय मला एकटीला पैसे काढता येतील ना?’ चुकीचं ऐकलं असेल तर तिथल्या तिथे कळतं. ‘कळलं का?’ या प्रश्नाला नुसतं ‘हो’ म्हटलं, तर काहीच कळत नाही, ना त्यांना ना आपल्याला.

दुसरी सवय, शब्द कागदावर दाखवायला सांगायचा. फॉर्मर आणि फार्मर ऐकायला सारखे वाटतील, पण कागदावर बोट ठेवलं की ओळखता येतात. दहावी-बारावी झालेली लेक-सून बरोबर असेल तर तिला वाचायला लावा. तिलाही अर्थ येत नसेल तर काही बिघडत नाही, तिने शब्द टिपून घ्यायचा आणि बैठकीत विचारायचा.

तिसरी सवय, सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागून घ्यायची. आपल्याकडे ‘ध चा मा’ म्हणतात. नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली शनिवारवाड्यात खून झाला, तेव्हा चिठ्ठीतल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं गेलं अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, एका अक्षराने काय होतं, हे आपल्या भाषेने पिढ्यान् पिढ्या लक्षात ठेवलं आहे. सही केली तेव्हा कागदावर नेमकं काय होतं, हे दाखवायला आपल्याकडे प्रत असली पाहिजे.

आणि गटातल्या सगळ्यांसाठी एक विनंती. कुणी शब्द चुकीचा म्हटला तर हसू नका. हसलात तर ती पुढच्या वेळी विचारणार नाही, गप्प राहून सही करेल. आणि गटाच्या कर्जात तिची सही म्हणजे आपली सही, हे आत्ताच आपण बघितलं.

या महिन्याच्या बैठकीसाठी एक काम. बचत गोळा झाली, हप्ते लिहून झाले, की पाच मिनिटं काढा. प्रत्येकीने आपल्याला नीट न कळलेला एकेक इंग्रजी शब्द सांगायचा, जसा ऐकला तसाच. सचिवताईंनी ते इतिवृत्ताच्या शेवटच्या पानावर लिहून काढायचे. पासबुक जवळ असेल तर त्यावर ‘ई ऑर एस’ आहे की ‘एफ ऑर एस’, तेही त्याच वेळी बघून घ्या. ज्या शब्दांचा अर्थ लागणार नाही, त्यांची यादी बँक सखीकडे किंवा ग्रामसंघाच्या बैठकीत द्या. आमच्याकडे पाठवली तर त्यातले शब्द घेऊन आपण पुन्हा बोलू. तोपर्यंत नमस्कार.